बटण सोडा

‘झाकण घट्ट बसवल्याशिवाय मिक्सर सुरू करू नका.’ हे वाक्य तिनं जन्मात किती वेळा लिहिलं असेल, देव जाणे. ते कोणी वाचलं असेल असा संशय मात्र तिला कधी आला नाही. नव्या वस्तूच्या खोक्यातून थर्माकोल उपसला की तळाशी एक पातळ पुस्तिका निघते. माणसं ती खोक्यासकट माळ्यावर टाकतात, नाहीतर डब्यांच्या खणात अंथरतात. ती लिहिणं हा तिचा व्यवसाय होता. मिक्सर, इस्त्री, भिंतीवरचा पंखा, पाणी तापवायची टाकी. ओळखीपाळखीत तिला सगळे पुस्तिकाबाईच म्हणायचे आणि म्हणताना थोडं हसायचे. खुद्द तिच्या सासूबाईंनी इस्त्रीच्या पुस्तिकेची घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली होती आणि वर म्हणाल्या होत्या, “बघ, आली ना शेवटी उपयोगाला?”

अशात पुस्तिकाबाईंना एक वाचक मिळाला. तो त्यांनी लिहिलेला शब्दन् शब्द वाचायचा, काना-मात्रेसकट. त्याला हात तेवढे नव्हते.

झालं असं की, पुस्तिका छापून घेणाऱ्या कंपन्या एकेक करत बंद झाल्या आणि तिला एका नव्याच ठिकाणी काम मिळालं. तिथे एक एजंट तयार करत होते. माणसाऐवजी कॉम्प्युटर चालवणारा. पडद्यावर काय दिसतंय ते तो बघायचा, बाण हलवायचा, क्लिक करायचा, फायली इकडच्या तिकडे करायचा. यातलं प्रत्येक काम करायला त्याला एकेक साधन दिलेलं असायचं आणि प्रत्येक साधनासोबत एक वर्णन. हे साधन काय करतं, कधी वापरायचं, कधी नाही. ते वर्णन वाचूनच तो ठरवायचा. आपल्या भाषेत कारभार चालणाऱ्या कचेऱ्यांमध्ये त्याला कामाला लावायचं होतं, म्हणून वर्णनंही आपल्याच भाषेत हवी होती. कीबोर्डचा भाग दुसऱ्याकडे होता, माऊसचा हिच्याकडे आला. कचेरीत त्या एजंटला सगळे ‘बिनहात्या’ म्हणायचे.

सासूबाई शेजारणीला सांगायच्या, “आमची सून हल्ली उंदराला चालायला शिकवते.”

काम वरवर पोरखेळ वाटायचं. ज्याला हात नाहीत त्याला हाताचं काम समजावून सांगायचं, एवढंच. पण तिथेच सगळी मेख होती. ‘टिचकी मारा’ लिहायचं नाही, कारण टिचकी कशानं मारणार? बाण एखाद्या चित्रावर नेऊन काही न दाबता नुसता ठेवायचा असतो, त्यासाठी तिनं पहिल्यांदा लिहिलं होतं, ‘कर्सर चित्रावर घुटमळवा’. त्यावर तपासनीस म्हणाला होता, “घुटमळायला तो काय प्रेमात पडलाय, पुस्तिकाबाई?” मग तिनं ते खोडून लिहिलं, ‘कर्सर चित्रावर नेऊन थांबवा. काहीही दाबू नका.’

हा तपासनीस पूर्वी छापखान्यात मुद्रितं तपासायचा. छापखाना बसला, तसा तो इकडे आला. चूक सापडली की त्याला भूक लागायची. त्याच्या खणात चूक सापडल्यावर खायचे खारे दाणे ठेवलेले असायचे.

पुस्तिकाबाईंना हे काम मानवलं होतं. त्याला मनाची गरज नव्हती. नवरा घर सोडून गेल्यापासून ती जे करायची ते सगळं असंच करायची, नीट, क्रमानं, काही न जाणवता. दूध तापवायचं, बस पकडायची, पडद्याकडे बघायचं, परत यायचं, कूकर लावायचा. रडू आलं नाही, रागही आला नाही. सुरुवातीला तिला वाटलं, येईल सावकाश, धक्क्यात आहोत आपण. मग तिनं वाट बघणं बंद केलं. दाढ काढायच्या आधी सुई टोचतात, तेव्हा ओठ आपला असून आपला नसतो. आपण तो चावतो आणि रक्त आल्यावर कळतं. तसं काहीसं. रक्तसुद्धा फारसं येत नव्हतं.

नवरा चष्मेवाला. दुकान चांगलं चालायचं. माणूसही वाईट नव्हता, पण त्याला एक धंद्याची खोड होती. गिऱ्हाइकाच्या डोळ्यापुढे काचा बदलत तो विचारायचा, “हे बरं दिसतंय, का आधीचं?” हाच प्रश्न तो घरीही सगळ्या बाबतीत विचारायचा. भिंतीचा रंग, मुलीची शाळा, जेवणातलं मीठ. दुकानात हिशेब बघायला येणाऱ्या बाईत त्याचा जीव अडकला तेव्हाही त्यानं बायकोला समोर बसवून विचारलं होतं, “मी गेलो तर बरं, का राहिलो तर?”

ती म्हणाली होती, “तुझं तू ठरव.”

त्यानं ठरवलं. भांडण नाही, आदळआपट नाही. सासूबाई मात्र त्याच्याबरोबर गेल्या नाहीत. त्यानं गाडी बोलावली, त्यांची ट्रंक खाली नेली, तर त्यांनी ती परत वर आणायला लावली. नातेवाईक विचारायला लागले की सासूबाई खणखणीत आवाजात सांगायच्या, “मी मुलाला सोडलं. सुनेला नाही.” त्यावर लोक निघून जायचे.

राहिली ठकी. नातीचं हे नाव सासूबाईंनीच ठेवलेलं, लहानपणी ती लाकडी बाहुलीसारखी ताठ उभी राहून रडायची म्हणून. आता दहावी झाली होती. उंची आईच्या वर गेली होती आणि चष्मा बापाच्या दुकानातला होता.

चष्मेवाला दर रविवारी यायचा. दाराजवळच्या खुर्चीत टेकायचा, पूर्ण बसायचा नाही. चहाला नको म्हणायचा. खिशातून मऊ कापड काढून घरातले सगळे चष्मे पुसून द्यायचा. आईचा, मुलीचा आणि हिचाही. सासूबाई त्याच्याशी बोलायच्या नाहीत, पण चष्मा काढून निमूटपणे हातात द्यायच्या.

अशाच एका रविवारी चष्मे पुसून झाल्यावर तो म्हणाला, “दुसऱ्या गावात मोठं दुकान घेतोय. आम्ही तिकडेच राहायला जाणार. कॉलेज अगदी घराजवळ आहे, चांगलं आहे. ठकीला यायचं असेल तर तिला वेगळी खोली आहे.”

ठकीनं आईकडे बघितलं. आई पुसलेला चष्मा डोळ्यांवर चढवत होती.

“तुझं काय म्हणणं?” चष्मेवाल्यानं तिला विचारलं.

“तिचं तिनं ठरवावं,” पुस्तिकाबाई म्हणाल्या.

“बरोबर,” तो म्हणाला. “ठकी, पुढच्या रविवारी सांग. मला तिथे प्रवेशाचं बघावं लागेल.”

तो जिना उतरून गेल्यावर सासूबाईंनी भांड्यांचा असा काही आवाज केला की खालच्या मजल्यावरच्यांनी काठीनं छत ठोकलं.

“तिचं तिनं ठरवावं! पोर काय साडीचा रंग निवडतेय?”

“अहो आई, ती मोठी झाली आता.”

“तू कधी होणार?”

ठकी आपल्या खोलीत गेली. दार आपटलं असतं तर बरं झालं असतं. तिनं ते अलगद लावून घेतलं. हे तिनं आईकडूनच उचललं होतं. पुस्तिकाबाईंना ते दिसलं आणि नोंदही झाली, पण ती नोंद आत कुठे पोचली नाही. मुलगी जाईल. मग दोन माणसांचा कूकर लागेल. तिला हे असं दिसत होतं, दुसऱ्या कुणाच्या घरातलं दिसावं तसं.

मधल्या दिवसांत कचेरीत एक घोळ झाला.

“पुस्तिकाबाई, जरा इकडे या,” तपासनिसानं हाक मारली. दाण्याची पुडी उघडलेली होती, म्हणजे चूक मोठी होती. “तुमच्या बिनहात्यानं सगळ्या गावाच्या दाढा एकाच वेळी उपटायचं ठरवलंय.”

तिनं खुर्ची ओढली. पडद्यावर एका दाताच्या डॉक्टरांचं वेळापत्रक होतं. खोटंच, चाचणीसाठी बनवलेलं. एका पेशंटला सकाळच्या चौकटीतून उचलून संध्याकाळच्या चौकटीत ठेवायचं, एवढंच बिनहात्याला सांगितलं होतं. त्यानं नावावर डावं बटण दाबलं, नाव ओढत संध्याकाळच्या चौकटीवर नेलं. इथवर शहाण्यासारखं. मग बटण दाबलेलंच ठेवून तो पुढच्या कामाला लागला. पानभर हिंडला, आणि ज्या ज्या चौकटीवरून गेला तिथली नावं पहिल्या नावाला चिकटत गेली. शेवटी सगळी वरात एकाच चौकटीत येऊन बसली.

“म्हाताऱ्या आजीबाई, शाळेतली पोरं, सगळे एका खुर्चीत,” तपासनीस म्हणाला. “आणि वर त्यानं काय लिहून ठेवलंय ते वाचा. काय केलं, का केलं, ते लिहायची सवय आहे ना त्याला.”

तिनं वाचलं. बिनहात्यानं लिहिलं होतं, ‘सूचनेप्रमाणे डावे बटण सोडले आहे व इतर कामे करत आहे.’

“सोडलं कुठे? दाबलेलंच आहे की.”

“तेच तर. तुम्ही काय लिहिलं होतं?”

तिनं आपलं वर्णन उघडलं. ‘वस्तू हव्या त्या जागी नेल्यावर बटण सोडा आणि पुढचे काम करा.’ तिनं ते एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं. वाक्यात काहीच चुकीचं नव्हतं. शाळेतल्या पोरालाही कळलं असतं.

“माणसाला कळलं असतं,” तपासनीस म्हणाला, “कारण त्याचं बोट बटणावर असतं. सोडा म्हटलं की बोट आपोआप वर येतं. याला बोट कुठाय? यानं वाचलं, बटण सोडा आणि पुढचं काम करा. म्हणजे काय? बटणाचा नाद सोडा! ते राहू दे तसंच, तू आपला पुढे हो.”

तिला हसू यायला हवं होतं. तपासनीस एवढा हसला की त्याला ठसका लागला.

“सोडणं म्हणजे काय एक आहे का?” पाणी पिऊन तो उत्साहात सांगायला लागला. “गाठ सोडतात, पाणी सोडतात, गाडी सोडतात, कुत्रं अंगावर सोडतात. हा एक सोडून बाकी सगळे या. नोकरी सोडली, सिगारेट सोडली. आमच्या चुलत बहिणीला नवऱ्यानं सोडलं तेव्हा...”

तो थांबला. त्याचे कान लाल झाले. कचेरीत सगळ्यांना माहीत होतं, त्यालाही होतं.

“तेव्हा काय?” तिनं विचारलं.

“काही नाही हो. जाऊ द्या.”

“तोही अर्थ निघतो,” ती म्हणाली आणि समोरच्या कागदावर बाकीच्या अर्थांखाली तो लिहून ठेवला. तपासनिसानं दाण्याची पुडी तिच्यासमोर सरकवली. तिनं दोन दाणे घेतले. खारट होते.

मग दोघं शब्द शोधायला बसली. ‘बटण मोकळे करा.’ मोकळं म्हणजे रिकामं? ‘बटणावरून बोट उचला.’ बोट नाही. ‘बटण वर येऊ द्या.’ येऊ दिलं म्हणजे आपण काय करायचं, नुसतं बघत बसायचं? तपासनीस म्हणाला, “मला आता एवढं कळलंय, त्याला सांगाल ते तो करेल. त्यानं आपणहून ओळखावं असं जे तुम्हाला वाटतं ना, ते विसरा. ते ओळखणं त्याच्या नशिबी नाही.”

शेवटी तिनं लिहिलं, ‘डावे बटण दाबलेले असेल, तर ही क्रिया त्याचे दाबलेपण संपवते. ओढत आणलेली वस्तू कर्सर असेल तिथे ठेवली जाते. ही क्रिया केली नाही तर बटण दाबलेलेच राहते आणि कर्सरची पुढची प्रत्येक हालचाल ओढणेच ठरते.’

“दाबलेपण? असा शब्द आहे का?”

“आता आहे.”

“छापखान्यात असतो तर खाली लाल रेघ मारली असती,” तपासनीस म्हणाला आणि त्यानं तो तसाच ठेवला.

संध्याकाळी ती लॅपटॉप घरी घेऊन आली. कोऱ्या माणसाला वाचून दाखवलं की चुका सापडतात, अशी तिची जुनी पद्धत. पूर्वी ठकीला वाचून दाखवायची. आज ठकी म्हणाली, “मला काय विचारतेस? मला माऊस येतो. आजीला बसव. खरी बिनहाती तीच.”

“बिनहाती असेल तुझी आई,” सासूबाई म्हणाल्या, पण हात पुसत येऊन बसल्या. माऊस त्यांनी बटाटा धरावा तसा मुठीत धरला.

“आधी जुनं वाचते,” पुस्तिकाबाई म्हणाल्या. “डावं बटण दाबा. दाबलंत? आता ते चित्र ओढत इकडे आणा. छान. आता बटण सोडा.”

“सोडा?” सासूबाईंनी वर बघितलं. “खायचा का धुण्याचा?”

ठकी पोट धरून हसली. पुष्कळ दिवसांत या घरात असं हसणं झालं नव्हतं. सासूबाईंना चेव आला. त्यांनी माऊसच उचलून टेबलावरून खाली सोडला. तो वायरला लोंबकळत राहिला.

“बघ, सोडला. झालं काम?”

नवं वर्णन वाचल्यावर त्यांनी बरोबर केलं, पण म्हणाल्या, “हे कळतं. पण असं कोणी बोलत नाही गं. कोर्टातला कागद वाटतो.” आणि त्या पोळ्या करायला उठून गेल्या.

ठकी माऊसची वायर बोटाला गुंडाळत बसली होती. हसण्यानं डोळ्यांत आलेलं पाणी तिनं चष्म्याखालून पुसलं आणि विचारलं, “आई, रविवारी बाबाला काय सांगू?”

“तुला काय वाटतं?”

“मी तुला विचारलं.”

“तुझं तू ठरव. जायचं असेल तर मी आड येणार नाही.”

ठकीनं वायर सोडवली. पुन्हा गुंडाळली. “तू बिनहात्याला असं लिहितेस का गं कधी? क्लिक करा, हवं तर. तुमचं तुम्ही ठरवा, मी आड येणार नाही.”

“नाही.”

“का?”

“गोंधळतो तो.”

“हं,” ठकी म्हणाली, आणि उठून गेली. दार पुन्हा अलगद.

पुस्तिकाबाई स्वयंपाकघरात गेल्या. ओट्याशी उभं राहून सासूबाईंच्या हातून पोळी तव्यावर पडताना बघत राहिल्या.

“ऐकलं मी,” सासूबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या. “भिंती काही जाड नाहीत. राहा म्हण तिला.”

“तिला जायचं असेल तर?”

“तर जाईल. म्हणायला तुझं काय जातंय?”

“मला मनातून काही येतच नाही, आई. खोटं कसं बोलू?”

सासूबाई वळल्या. पिठाचे हात कमरेवर ठेवले, त्यामुळे पातळावर दोन पंजे उमटले. “मनातून कोण मागतंय? तोंडातून येऊ दे. मनाचं मागाहून बघू. माझा मुलगा जाताना तुला विचारत होता ना, जाऊ का राहू? मी आत उभी होते. मला वाटलं, आता म्हणेल, आता म्हणेल. तू म्हणालीस, तुझं तू ठरव.”

“राहा म्हटलं असतं तर राहिला असता?”

“नसता राहिला. शेळपट आहे, मी ओळखत नाही का त्याला? पण तू मागितलंस आणि त्यानं दिलं नाही, असं झालं असतं. आता तू मागितलंच नाहीस, असं झालंय. तो जाईल तिथे हेच सांगतो.” त्यांनी पोळी उलटली. ती एका बाजूनं करपली होती. “बघ, तुझ्या नादात.”

शनिवारी ठकी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. पुस्तिकाबाई चिमटे धरायला म्हणून गेल्या. खाली कुणीतरी स्कूटर धूत होतं. दोरीवर फक्त चादर उरली, तेव्हा त्या म्हणाल्या, “जाऊ नकोस.”

ठकीचा हात चादरीवर थांबला.

“मला तू इथे हवी आहेस,” पुस्तिकाबाई म्हणाल्या. आवाज अगदी सपाट होता, वर्णन वाचून दाखवताना असायचा तसा. त्यांचा त्यांनाच तो ऐकवेना. “तुला तिकडे जायचं असेल तर मी अडवणार नाही, हे खरंच आहे. पण ते दुसरं. आधी हे, की तू जाऊ नकोस.”

“का?”

“माहीत नाही.”

“म्हणजे?”

“मला सध्या काही जाणवत नाही, ठकी. तुझा बाबा गेल्यापासून. तू गेलीस तरी कदाचित जाणवणार नाही. कूकर लावीन, कामाला जाईन.”

“मग मी हवी कशाला?”

“ते सांगता येत नाही. पण हवी आहेस, एवढं माहीत आहे. जाणवत नसलं तरी माहीत आहे.”

ठकीनं चादर ओढून काढली. एक टोक आईच्या हातात दिलं. दोघींनी ती ताणली, जुळवली, पुन्हा ताणली. घडी घालायला जवळ आल्यावर ठकी म्हणाली, “भयंकर बोलतेस तू. एवढं भयंकर कोणी आपल्या मुलीला बोलत नसेल.”

“हो.”

“कोर्टातला कागद.”

“हो.”

ठकी घडी छातीशी धरून आत गेली. काय ठरवलंस, असं पुस्तिकाबाईंनी विचारलं नाही. आपलं सांगून झालं होतं.

रविवारी चष्मेवाला आला, दाराजवळच्या खुर्चीत टेकला. सगळ्यांचे चष्मे पुसून झाले. मग त्यानं हात मांड्यांवर ठेवले.

“मग, ठकीताई? काय ठरलं?”

ठकी भिंतीला टेकून उभी होती. “मी इथेच राहते, बाबा.”

आणि चष्मेवाल्याचे खांदे खाली आले. एवढंच झालं. नाटकात असतं तसं काही नाही. इतका वेळ कुणीतरी मागून धरून ठेवलेला कोट सोडून द्यावा, तसे खांदे खाली आले, आणि तो खुर्चीत मागे सरकून पहिल्यांदाच पूर्ण बसला.

“असं? बरं. बरं बरं. तुझी इच्छा,” तो म्हणाला. “मला वाईट वाटलं हं. खोली पण तयार केली होती.” पण वाईट वाटल्याचं सांगायच्या आधीच त्याचा हात खिशात गेला होता, फोन निघाला होता, आणि अंगठा कुणाला तरी दोन शब्द लिहीत होता. लिहून झाल्यावर त्यानं फोन पालथा ठेवला, इकडेतिकडे बघितलं आणि हसून विचारलं, “चहा आहे का गं थोडा?”

सासूबाई चहा करायला उठल्या नाहीत. पुस्तिकाबाईच उठल्या. पातेलं गॅसवर ठेवताना त्यांना दारातून ठकी दिसत होती. ठकी बापाच्या पालथ्या फोनकडे बघत होती. तिनं खांदे पाहिले होते. तिनं अंगठाही पाहिला होता. सोळा वर्षांच्या मुलीला काय दिसत नाही? चष्मा तर आत्ताच लख्ख पुसून मिळाला होता.

तो चहा पिऊन, बशीत सांडलेलाही पिऊन, मोकळ्या मनानं गेला. जाताना मुलीच्या डोक्यावर थोपटलं. जिन्यावरून त्याच्या शिट्टीचा आवाज येत होता, मग तोही बंद झाला.

ठकी खोलीत गेली. या वेळी दार लावलं नाही. पुस्तिकाबाई थोडा वेळ कप विसळत राहिल्या, मग हात पुसून तिच्या खोलीत गेल्या. ठकी पलंगाच्या कडेला ताठ बसून रडत होती, लहानपणी रडायची तशी. पुस्तिकाबाई शेजारी बसल्या.

“त्याला बरं वाटलं,” ठकी म्हणाली. “मी नाही म्हटलं तर त्याला बरं वाटलं. तू पाहिलंस?”

इथे म्हणायची वाक्यं सगळ्या आयांना पाठ असतात. नाही गं, तसं नाही. बाबाचा जीव आहे तुझ्यावर. त्याला दाखवता येत नाही. ती सगळी पुस्तिकाबाईंच्या जिभेवर क्रमानं येऊन गेली.

“पाहिलं,” त्या म्हणाल्या.

ठकीनं मान वळवून त्यांच्याकडे नीट बघितलं. मग एकदम सगळं ताठपण जाऊन ती कलंडली आणि तिचं डोकं आईच्या दंडावर आलं. जड होतं. चष्म्याची काडी दंडात रुतत होती. पुस्तिकाबाईंना काय करावं ते कळेना, म्हणून त्यांनी काहीच केलं नाही. बसून राहिल्या. ठकी रडली, नाक पुसलं, पुन्हा रडली, मग नुसतीच टेकून राहिली.

बाहेर उन्हं उतरली. दंडापासून बोटांपर्यंत मुंग्या आल्या, आधी बारीक, मग झोंबणाऱ्या, चावणाऱ्या. हात काढून झटकावा असं फार वाटलं. पुस्तिकाबाईंनी तो हलवला नाही. दात आवळून त्या मुंग्या सोसत राहिल्या.

“जेवायला येताय दोघी,” सासूबाई आतून ओरडल्या, “का मी एकटीच गिळू?”

“आई, आजी हाका मारतेय,” ठकी म्हणाली, पण उठली नाही.

“मारू दे,” पुस्तिकाबाई म्हणाल्या.